पंचनाम्यातला 'प्रतिष्ठित' माणूस कोण?

अत्याचार झाला की आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, धरणे धरतो. ते केलेच पाहिजे. पण खटल्याचा निकाल लागतो तेव्हा न्यायालय मोर्चाची लांबी मोजत नाही. ते विचारते, रक्ताचा डाग कुठे होता? काठी कुठून जप्त केली? पंचनाम्यावर सही कोणाची? ही सही करणारा पंच आज साक्षीच्या पिंजऱ्यात काय सांगतो? या चार प्रश्नांची उत्तरे घटनेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत लिहिली जातात, आणि त्या चोवीस तासांत आपण बहुतेक वेळा पोलीस ठाण्याच्या दारात फिर्याद घ्या म्हणून भांडत असतो. तिकडे घटनास्थळ मोकळे असते. पाऊस पडतो, जनावरे फिरतात, कोणी अंगण सारवून घेते. पुरावा मरतो.

हे केवळ पोलिसांच्या आळसामुळे होते, असे आम्ही मानत नाही. घटनास्थळ कोणी पाहायचे, कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे आणि कोणाचे पाहणे खरे मानायचे, याचाही एक इतिहास आहे. तो जातीचा इतिहास आहे. कार्यकर्त्यांनी तो समजून घेतल्याशिवाय पुढच्या खटल्याची तयारी होणार नाही, म्हणून हा लेख.

माग काढणारे कोण होते?

गुन्ह्याच्या जागेचा शोध ही पाश्चात्त्य देणगी आहे, आपल्याकडे असे काही नव्हतेच, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढला जाई. माग गावच्या शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली करायचा, आणि ज्या गावात माग हरवला त्या गावाने जबाबदारी घ्यायची, अशी रीत होती. हे काम कोण करीत होते? पाटील नव्हे, कुलकर्णी नव्हे. महार, रामोशी, जागल्या, येसकर हे लोक ते काम करीत होते. वेशीवर रात्रभर जागायचे, परक्या माणसावर नजर ठेवायची, गुन्ह्याची वर्दी घेऊन कचेरीपर्यंत धावत जायचे, हे वतनी काम महाराच्या माथी होते. दोन गावांत हद्दीचा वाद झाला तर महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, कारण शिवेचा दगड कुठे होता आणि तो कोणी सरकवला हे त्यालाच ठाऊक असे.

म्हणजे गावात जमीन 'वाचण्याची' विद्या ज्यांच्याकडे होती ते लोक अस्पृश्य होते. पण वाचायचे त्यांनी आणि कागद करायचा दुसऱ्याने, अशी ही वाटणी. लेखणी कुलकर्ण्याकडे, शिक्का पाटलाकडे. पाऊलखुणा ओळखणाऱ्याचे नाव कागदावर येणार ते फार तर नोकर म्हणून. शिवाय हे काम म्हणजे वेठ होती, चोवीस तासांची. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यासाठी आम्ही ही आठवण काढत नाही. आपल्या पूर्वजांकडे नजर नव्हती असे नाही, त्यांच्याकडे अधिकार नव्हता, एवढेच दाखवायचे आहे.

कायद्यातला एक शब्द

इंग्रजांनी फौजदारी प्रक्रिया लिखित केली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०३ मध्ये झडतीची रीत ठरवली गेली. झडती घेण्यापूर्वी अधिकाऱ्याने त्या भागातील दोन किंवा अधिक 'प्रतिष्ठित' रहिवाशांना बोलवावे आणि त्यांच्यासमक्ष झडती घ्यावी. संशयास्पद मृत्यूच्या चौकशीसाठीही कलम १७४ मध्ये शेजारचे दोन किंवा अधिक 'प्रतिष्ठित' रहिवासी सांगितले. १९७३ साली नवी संहिता आली. कलम १०० मध्ये 'स्वतंत्र' हा शब्द जोडला गेला, 'प्रतिष्ठित' तसाच राहिला. २०२३ साली गुलामगिरीच्या खुणा पुसतो असे सांगत भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणली गेली. तिच्या कलम १०३ मध्येही 'प्रतिष्ठित' कायम आहे. सव्वाशे वर्षांत तीन संहिता आल्या, पण हा एक शब्द कोणाला खटकला नाही.

पंच हवा ही कल्पना मुळात चांगली आहे. पोलिसाने खोटी वस्तू पेरू नये, जप्तीत हेराफेरी करू नये, म्हणून बाहेरची दोन माणसे साक्षीला असावीत. कागदावर हे नागरिकाचे संरक्षण आहे. पण भारतातल्या गावात 'प्रतिष्ठित' म्हणजे कोण? प्रतिष्ठा कशावरून मोजायची? जमिनीवरून, वाड्यावरून, जातीवरून? दलित वस्तीवर हल्ला झाला तर हल्लेखोर ज्या समाजातले, त्याच समाजातला सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचा चेअरमन हाच गावातला प्रतिष्ठित माणूस. तोच पंच होतो. ज्या गावाने मारले तेच गाव मारल्याच्या खुणा मोजते आणि सही करते. आणि दोन वर्षांनी कोर्टात हा पंच सांगतो, 'सही माझी आहे, पण मजकूर मला वाचून दाखवला नाही.' पंच फितूर, जप्ती संशयास्पद, आरोपी निर्दोष. हे इतक्या वेळा घडले आहे की वकिलांना त्याचे आश्चर्य वाटेनासे झाले आहे.

कोणी म्हणेल, दलित माणूस पंच होऊ शकत नाही असे कायद्यात कुठे लिहिले आहे? नाहीच लिहिलेले. उलट त्या भागातला माणूस मिळत नसेल किंवा तयार नसेल तर दुसऱ्या भागातला पंच घेता येतो, अशी सोय त्याच कलमात आहे. लेखी आदेश देऊनही योग्य कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणे हा गुन्हा आहे, हेही त्यात आहे. अडचण कायद्याच्या अक्षरात कमी आणि त्या अक्षराचा अर्थ लावणाऱ्या डोक्यात जास्त आहे. ते डोके जातीने घडवलेले आहे.

ठसे आधी कोणाचे घेतले?

गुन्हेशास्त्राच्या पुस्तकांत फ्रान्सचे एडमंड लोकार्ड भेटतात. त्यांनी १९१० मध्ये लिऑन येथे पोलिसांची प्रयोगशाळा सुरू केली. प्रत्येक स्पर्श मागे काही तरी सोडून जातो, हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त. पण बोटांच्या ठशांचे पहिले कार्यालय युरोपात नव्हे, आपल्या देशात, कलकत्त्यात १८९७ साली उघडले. वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. ती उभी करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस मात्र बराच काळ मागे पडले. लेखणी आणि शिक्का यांची वाटणी इथेही तीच.

आणि हे नवे तंत्र कोणावर वापरले गेले? १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला होता. १९११ साली तो सुधारून मुंबई इलाख्यासह देशभर लागू करण्याची तरतूद झाली. अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या. त्यांची नोंदणी, हजेरी, बोटांचे ठसे सुरू झाले. सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या आत वसाहती उभ्या राहिल्या. ज्याने काही केलेले नाही त्याचे ठसे आधीच दप्तरात. गुन्हा घडला की घटनास्थळ न पाहता थेट पारध्याच्या पालावर जायचे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पालावर जायची सवय मात्र विमुक्त झाली नाही.

इथे दोन टोके स्पष्ट दिसतात. आरोपी म्हणून आपला माणूस हवा असतो तेव्हा शास्त्र तत्पर असते. फिर्यादी म्हणून आपला माणूस उभा राहतो तेव्हा तेच शास्त्र रजेवर जाते.

बाबासाहेबांची नोंदवही

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी चिडलेल्या लोकांना आवरले, पण प्रकरण सोडून दिले नाही. तक्रारी झाल्या, खटला उभा राहिला, आणि हल्लेखोरांपैकी काहींना त्याच वर्षी शिक्षा झाली. दुसरीकडे तळ्याच्या हक्काचा दिवाणी दावा दहा वर्षे चालवून १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला. रस्त्यावरचा लढा आणि कागदावरचा लढा त्यांनी कधी वेगळा केला नाही.

'जातिनिर्मूलन' पुन्हा काढून वाचा. इंदूर संस्थानातल्या बलाई समाजावर लादलेल्या अटी सांगताना बाबासाहेब कोणत्या वर्तमानपत्राने, कोणत्या तारखेला, कोणत्या गावांबद्दल लिहिले ते सांगतात. कविठा, चकवारा ही गावे नावानिशी येतात. 'दलितांवर अन्याय होतो' असे मोघम वाक्य लिहून ते थांबत नाहीत. जागा, वेळ, माणसे, कृती असा क्रम असतो. अस्पृश्यांच्या जीवनावरच्या त्यांच्या हस्तलिखितांत तर कात्रणे आणि पत्रे यांचा मोठा साठा आहे. ते लेखन पुढे शासनाच्या ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. बॅरिस्टराला ठाऊक होते की नोंद न झालेला अत्याचार हा प्रतिपक्षाच्या लेखी घडलेलाच नसतो.

खैरलांजी: पाण्यात गेलेला पुरावा

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलांची, गावातल्या जमावाने हत्या केली. प्रेते कालव्याच्या पाण्यात टाकली. वाचले ते एकटे भैयालाल भोतमांगे.

त्यानंतर काय झाले ते तपासाच्या नजरेने पाहा. घटना घराच्या अंगणात सुरू झाली, गावात झाली आणि शेवट कालव्यात झाला. म्हणजे घटनास्थळे किमान तीन, आणि प्रत्येकाचा वेगळा पंचनामा, नकाशा, छायाचित्रे, मातीचे व रक्ताचे नमुने हवे होते. पाणी हा पुराव्याचा शत्रू आहे, तेव्हा प्रेते मिळताच लैंगिक अत्याचाराच्या दृष्टीने नमुने घेणे ही तातडीची गोष्ट होती. पहिल्या शवविच्छेदनावर इतकी टीका झाली की पुरलेली प्रेते उकरून पुन्हा तपासणी करावी लागली. पोलीस आणि वैद्यकीय अधिकारी निलंबित झाले. राज्यभर आपले लोक रस्त्यावर आल्यानंतर तपास सीबीआयकडे गेला.

१५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, आणि पुढे त्यातील सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. पण अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम टिकले नाही. विनयभंगाचेही टिकले नाही. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप केली आणि हा गुन्हा जातीतून नव्हे, सूडातून घडला असे मानले.

आम्ही विचारतो, जातीचा पुरावा शोधला होता का? पोलिसाला वाटते पुरावा म्हणजे कुऱ्हाड आणि काठी. जात ही जणू हवेत असते, जमिनीवर नसते. हे खोटे आहे. घर गावकुसापासून किती अंतरावर होते, शेताची वाट कोणी आणि कधीपासून अडवली होती, वीजजोडणी का मिळाली नव्हती, आधीच्या तक्रारी कोणत्या तारखांच्या होत्या, हल्ल्याच्या वेळी कोणते शब्द उच्चारले गेले आणि ते कोणी ऐकले, हे सगळे नोंदवता येते. जात घटनास्थळावरच असते. ती टिपणारा पंचनामा लिहिला जात नाही, एवढेच. आणि मग न्यायालय म्हणते, जात दिसत नाही.

रमाबाई नगर: अंतराचा प्रश्न

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे गेली. सांगितले गेले ते असे की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या.

इथे खटल्याचा गाभा तीन जागांत होता. टँकर कुठे उभे होते? गोळ्या कुठून सुटल्या? माणसे कुठे पडली? या तीन बिंदूंमधले अंतर फुटपट्टीने मोजता येते. जखम कमरेच्या वर की खाली, समोरून की मागून, हे शवविच्छेदनात कळते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यावर ठपका ठेवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली, पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. बारा वर्षे गेली, पण टँकरची कहाणी टिकली नाही. कारण वस्तीतले लोक आपली जागा ओळखत होते. कोण कोणत्या गल्लीच्या तोंडाशी पडला हे सांगणारे साक्षीदार होते आणि ते फुटले नाहीत.

कायदा काय देतो, काय देत नाही

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि १९९५ चे नियम आपल्या चळवळीने मिळवलेले हत्यार आहे. नियम ६ नुसार माहिती मिळताच दंडाधिकाऱ्याने किंवा उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने स्वतः घटनास्थळी जायचे आहे. जीवितहानी, मालमत्तेचे नुकसान यांचा तपशील द्यायचा आहे, पीडितांची यादी करायची आहे, साक्षीदारांच्या संरक्षणाची पावले उचलायची आहेत. नियम ७ नुसार तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. २०१५ च्या दुरुस्तीने कलम ४ मध्ये लोकसेवकाची कर्तव्ये स्पष्ट केली. कलम १५-अ ने पीडित व साक्षीदारांचे हक्क दिले, कार्यवाहीचे चित्रीकरण सांगितले. पीडिताच्या जातीची जाणीव आरोपीला होती, हे ओळखीच्या नात्यावरून गृहीत धरण्याची तरतूदही आली. खैरलांजीच्या धड्यानंतर हा बदल किती मोलाचा आहे हे वेगळे सांगायला नको.

आता नव्या संहितेचे कौतुक चालले आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण, घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञांची भेट. चांगलेच आहे. पण बारीक अक्षरे वाचा. कलम १७६(३) मधली तज्ज्ञांची सक्ती सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) खालील गुन्ह्यांना कमाल शिक्षा किती? पाच वर्षे. म्हणजे विहिरीवर अडवणे, बहिष्कार टाकणे, विवस्त्र करून धिंड काढणे, जमीन बळकावणे, पुतळ्याची विटंबना, यांपैकी कशासाठीही केवळ या कलमाच्या जोरावर तज्ज्ञ येणे बंधनकारक नाही. खून पडेपर्यंत विज्ञान वस्तीत येणार नाही. पुतळ्याला हात लावला जातो तेव्हा ठसे तिथेच असतात, आणि आपण पहिले काम कोणते करतो? संतापाच्या भरात पुतळा धुऊन काढतो, दुधाने अभिषेक करतो. भावना समजते, पण पुरावा त्या दुधाबरोबर वाहून जातो.

आणि कॅमेरा आला म्हणजे न्याय आला, असेही नाही. झडती हे दुधारी हत्यार आहे. खैरलांजीवर पुस्तक लिहिणारे आनंद तेलतुंबडे यांच्या गोव्यातील घराची झडती २८ ऑगस्ट २०१८ रोजी ते घरी नसताना झाली. कायदा म्हणतो की झडतीच्या वेळी घरात राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी हजर राहू द्यावे आणि जप्तीच्या यादीची प्रत द्यावी. १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, त्यांना अटक झाली, आणि जामिनासाठी नोव्हेंबर २०२२ उजाडला. खटल्याचा निकाल काय लागायचा तो लागेल. पण घटनास्थळ कधी आपले अंगण असते, तर कधी आपली पुस्तकांची फळी. दोन्ही वेळी पंच कोण आणि यादी कोणाच्या हातात, हा प्रश्न तोच आहे.

आपण काय करायचे?

चळवळीतल्या तरुणांनो, प्रत्येक तालुक्यात दोन-चार जण तरी या कामासाठी तयार झाले पाहिजेत. आपण तपासी अंमलदार नाही, म्हणून कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही, उचलायची नाही, हलवायची नाही. आपले काम राखणे, पाहणे आणि नोंदवणे. दोरी, काठ्या, बाकडी, मिळेल त्याने जागा अडवा. लोकांना आणि आपल्याच नेत्यांना आत जाऊ देऊ नका. पाऊस येत असेल तर खुणांना न लागेल असे आडोसे करा.

फोटो तीन अंतरांवरून घ्या. आधी लांबून सगळा परिसर, मग मधल्या अंतरावरून, मग जवळून, बाजूला पट्टी किंवा नाणे ठेवून. दिशा, वेळ, अंतर वहीत लिहा. मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये जपा, कापू नका, फिल्टर लावू नका. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत ही मूळ प्रत नसते. डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, म्हणून फोटो कोणी, कोणत्या मोबाइलने काढला ते नोंदवा. पीडित स्त्रीचे नाव आणि फोटो चुकूनही फिरवू नका. तो गुन्हा आहे, आणि त्याहून मोठा, तो आपल्याच बहिणीवरचा दुसरा अन्याय आहे.

पंचनामा सुरू असताना हजर राहा. गावाबाहेरचे पंच घ्या, अशी मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. रक्ताचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले कोंबले तर नमुना सडतो. ते सुकवून कागदी पाकिटात, सील करून, लेबल लावून गेले का ते पाहा. नियम ६ प्रमाणे अधिकारी जागेवर आला का, कधी आला, त्याची तारीख आणि वेळ लिहा. आला नाही तर तेही लिहा. कलम ४ चा दरवाजा त्याच नोंदीने उघडतो. आणि पंच व्हायला पुढे या. आपला नोकरदार, शिक्षक, ग्रामसेवक पंच व्हायला घाबरतो आणि मग आपणच म्हणतो की पंच फुटले. 'प्रतिष्ठित' हा शब्द कायद्यातून जाईल तेव्हा जाईल. तोवर त्या शब्दावर आपला हक्क सांगणे आपल्या हातात आहे.

ज्यांच्या पूर्वजांनी शिवेवरचा माग काढला, त्यांच्या हातात आज लेखणीही आहे आणि कायदाही. आता माग आपण काढायचा आणि सहीही आपणच करायची.

जय भीम!